वाटेत बिश्केक लागतं

ही गाडी घेऊन लंडनला निघालेला माणूस एकतर खुळा असला पाहिजे, नाहीतर घरात त्याला कुणी विचारत नसलं पाहिजे, असं धनाजी मिस्त्रीचं पहिल्या दिवशीचं मत होतं, आणि ते त्यानं मालकाच्या तोंडावर बोलून दाखवलं. पाठीमागं बोलायची त्याला सवयच नव्हती. जे काय ते तोंडावर. या तोंडानं त्याचं आयुष्यात जेवढं नुकसान केलं तेवढं दुसऱ्या कुणी केलं नव्हतं, पण पन्नाशी ओलांडलेल्या माणसाचं तोंड आता कोण बदलणार?

गाडी निळीशार, दोनच माणसांची, जमिनीला पोट लावून बसलेली. इंजिन मागच्या बाजूला, सीटांच्या पाठीशी. मोडनिंबच्या पृथ्वीराजनं ती आठच दिवसांपूर्वी पुण्यातून आणली होती. घरची द्राक्षबाग, द्राक्षं परदेशी पाठवायचा धंदा, वय एकतीस, आणि डोक्यात एकच खूळ: आपली द्राक्षं समुद्रानं लंडनला जातात, आपण एकदा रस्त्यानं जाऊन दाखवायचं. दिल्लीतली एक मंडळी अशा सफरी काढत होती. नऊ गाड्यांचा ताफा, पुढंमागं वाटाडे, मेमधली ठरलेली तारीख.

होटगी रोडवरच्या आपल्या पत्र्याच्या शेडमध्ये धनाजीनं गाडीभोवती एक फेरी मारली, खाली वाकून पोटाखाली हात घातला आणि उठला.

“मालक, हिच्या खालनं मांजर जायचं न्हाय. आन तुमी हिला तिबेटात नेनार?”

“म्हणून तर तुमच्याकडं आणली, मिस्त्री. पुण्यात कुणी हात लावायला तयार नाही. उंच करा म्हटलं की वॉरंटी जाईल म्हणतात.”

“बराबर म्हनत्यात. जीप घ्या एखादी. ही गाडी रस्त्यावर मिरवायची हाय, दगडाधोंड्यातनं न्यायची न्हाय.”

पृथ्वीराज हसला. नाराज होणाऱ्यातला तो नव्हता. त्यानं फोन काढला, नकाशा मोठा केला आणि बोट फिरवत गावं सांगायला लागला. इथून गोरखपूर, मग नेपाळ, मग तिबेट, मग सगळा चीन आडवा कापत काशगर, मग एक मोठी खिंड ओलांडून किरगिझस्तान. “तिथं बिश्केकला दोन दिवस मुक्काम. गाड्यांची दुरुस्ती, धुणं-बिणं. तिथून पुढं रस्ते चांगले आहेत.”

धनाजी हात पुसत होता. त्याचे हात थांबले.

“कुटं मुक्काम म्हनला?”

“बिश्केक. राजधानी आहे त्यांची.”

धनाजीनं पुन्हा गाडीकडं बघितलं. पुन्हा खाली वाकला. यावेळी बराच वेळ वाकून राहिला, आणि वर आला तो दुसराच माणूस होऊन आला.

“करतो,” तो म्हणाला. “चार बोटं उचलू हिला. खालनं पत्रा मारू. पन मी संगं येनार. बिश्केकपातुर. तितनं मी इमानानं परत येतो, मग फुडं तुमच्या एकाद्या दोस्ताला बसवा.”

पृथ्वीराजला तर हे आयतंच सापडलं. वाईट रस्ते सगळे बिश्केकच्या अलीकडचे, आणि तेवढ्या रस्त्यांना शेजारी मिस्त्री. त्यानं ‘का’ म्हणून विचारलंसुद्धा नाही. विचारलं असतं तरी धनाजीनं सांगितलं नसतं.

बिश्केकमध्ये त्याची मुलगी होती. ऋतुजा. एकुलती एक.

सांगोल्याच्या माळावर मेंढरं राखणाऱ्या घरातली ती पहिली डॉक्टर होणार होती. सहा वर्षांमागं तिला तिकडं मेडिकलला घातली तेव्हा धनाजीनं शेडमध्ये येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगितलं होतं. क्लच बदलायला आलेला माणूस ऋतुजाच्या पहिल्या वर्षाचे मार्क ऐकूनच घरी जायचा. तिसऱ्या वर्षाला तिनं शिक्षण सोडलं. “आबा, मला रक्त बघवत न्हाय. लई दिवस सांगीन म्हनत हुते,” असं ती फोनवर म्हणाली, आणि त्याच फोनवर हेही म्हणाली की अक्कलकोटचा शरणबसव म्हणून एक मुलगा तिथल्या भारतीय पोरांसाठी खानावळ चालवतो, त्याच्याशी ती लग्न करतेय.

मुलगा दुसऱ्या जातीचा होता, तेही धनाजीला लागलं, नाही असं नाही. पण जास्त लागलं ते दुसरंच. सगळ्या होटगी रोडला सांगून बसलेला माणूस तो. आता काय सांगायचं? डॉक्टर व्हायला पाठवली होती, ती भात रांधतीय? तो म्हणाला, “मग आमाला परत तोंड दावू नगंस.”

पोरगी बापासारखीच. तिनं ते शब्दशः धरलं. तीन वर्षं झाली. आईशी ती दुपारी बोलायची, धनाजी शेडमध्ये असायचा त्या वेळेत. एकदा तो अचानक घरी आला तर बायकोच्या, मायाक्काच्या, हातातल्या फोनवर ऋतुजाचा चेहरा होता. बाप दारात दिसताच तिनं तिकडं फोन फिरवला, आणि पडद्यावर एक लहानगी आली, गालाला भात लागलेली. तिचं नाव आरोही. वय तेव्हा दीड वर्ष. धनाजी पाणी पिऊन निघून गेला, पण तो भात लागलेला गाल त्याच्या डोळ्यांसमोरून काही जाईना.

विमानानं जाता आलं नसतं का? आलं असतं की. पण विमानानं जायचं म्हणजे पोरीसाठी जायचं. म्हणजे बाप हरला. गाडीच्या कामाला निघाला आणि वाटेत तिचं गाव लागलं, तर त्यात हरण्याचा काय संबंध? गाव वाटेत असलं तर माणूस काय करणार? धनाजीला हे इतकं पटलं की त्या रात्री तो तीन वर्षांत पहिल्यांदा पोटभर जेवला.

मायाक्काला त्यानं सांगितलं तेही भिंतीकडं बघत. “तिला कळीव. गाडी तितनं जानार हाय. दोन दिस मुक्काम हाय. वाटलं तर ये म्हनावं हाटेलावर.”

मायाक्का हातातली भाकरी तव्यावर टाकायची विसरली. दुसऱ्या दिवशी दुपारी तिकडून निरोप आला: “हाटेलावर कशाला? आबांना घरी या म्हनावं. आरोहीला ‘आबा’ म्हनायला शिकवतीय.”

“बगू. गाडीचं काम किती निगतंय त्येच्यावर हाय,” धनाजी म्हणाला. असला माणूस.

पुढचे अडीच महिने मात्र तो माणसात आला. गाडी त्यानं चार बोटं उचलली. पोटाखाली पुढपासून मागपर्यंत जाड पत्र्याचं कवच बसवलं, आणि ते इंजिनाला तापवणार नाही अशी त्याला भोकं पाडली. टायर जाड घातले. जादा चाक कुठं ठेवायचं यावर पृथ्वीराजशी चार दिवस वाद घातला, शेवटी टपावर एक कडं करून त्यावर बसवलं. गाडीचं सगळं देखणेपण गेलं, पण वाळवंटात देखणेपणाला कोण विचारतं? तिबेटात पेट्रोल हलकं मिळतं म्हणून एक जादा गाळणी टाकली. कडाक्याच्या थंडीत गोठणार नाही असं पाणी रेडिएटरमध्ये घातलं, तेव्हा बाहेर सोलापूरचा एप्रिल पेटला होता आणि शेडमध्ये पाना हातात धरवत नव्हता. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून तो ऐकत बसायचा. कॉम्प्युटरवर चालणारी गाडी, पण धनाजीचा कानावर जास्त भरवसा.

मधल्या काळात त्याचा पासपोर्ट झाला, चीनचा व्हिसा झाला, किरगिझस्तानच्या व्हिसाचा कागद आला. तो कागद त्यानं दोनदा वाचला. त्यावर त्याचं नाव होतं आणि त्या देशाचं नाव होतं, दोन्ही एकाच कागदावर.

पृथ्वीराजनं एक गोष्ट बजावून सांगितली होती. “मिस्त्री, चीनच्या परवान्यावर हाच गाडी नंबर आहे. सरहद्दीवर हाच दिवस आहे. ना दुसरी गाडी चालते, ना दुसरा दिवस. गुरुवारी सकाळी सोलापूर सोडायचं म्हणजे सोडायचं.”

“गुरुवारी सोडू की,” धनाजी म्हणाला. आणि काम तसं झालंही होतं. रविवारी फक्त एकच राहिलं होतं: हवेची गाळणी. मूळची गाळणी नाजूक. काशगरच्या धुळीत ती दोन दिवसांत चोंदली असती. म्हणून त्यानं मोठ्या गाळणीची नवी पेटी मागवली होती, ती दुपारच्या बसनं पुण्याहून यायची होती. सकाळीच त्यानं जुनी पेटी काढून ठेवली. इंजिनाला हवा नेणारा नळ उघडा पडला. गाडी चालू करण्यात आता धोका होता, म्हणून धनाजीनं कागदावर ठळक अक्षरांत लिहिलं, ‘चालू करू नये’, आणि तो स्टिअरिंगला चिकटवला.

अकरा वाजता मायाक्का आली, आणि तिच्याबरोबर तिचा थोरला भाऊ सिदू. सिदू सांगोल्याकडं अजून मेंढरं राखतो. डोक्याला लाल पटका, खांद्यावर घोंगडी, मे महिन्यातसुद्धा. त्याच्या हातात नारळ होता आणि मायाक्काच्या हातात दोन किलो भंडाऱ्याची पिशवी. वाटेत सुट्टा भंडारा विकणाऱ्या एका पालावरून ती घेतली होती.

“रविवार हाय. बिरोबाचा वार,” मायाक्का म्हणाली. “पोरीच्या गावाला चाललीय गाडी. तशीच कशी धाडायची?”

धनाजीनं नाही म्हटलं असतं, इतर कुठल्या गाडीला म्हटलंच असतं. पण ‘पोरीच्या गावाला’ हे शब्द त्या शेडमध्ये मोठ्यानं कुणी पहिल्यांदाच उच्चारले होते. त्यानं मान हलवली.

सिदूनं गाडीला हळदकुंकू लावलं, चाकांखाली लिंबं ठेवली, नारळ फोडला. मग मागचं झाकण उघडं ठेवायला सांगितलं. देवाचा भंडारा काळजाला लागला पाहिजे, आणि गाडीचं काळीज मागं असतं हे त्याला एव्हाना कळलं होतं. पिशवीत हात घालणार तोच तो थबकला.

“दाजी, हे बसलंय की.”

“काय बसलंय?”

“हे जनावर. बसल्या जनावरावर भंडारा टाकीत न्हाईत. उठवा त्येला.”

मेंढरं घेऊन लांब चारणीला निघताना कळपावर भंडारा उधळायचा, पण पुढचं मेंढरू चालायला लागल्यावर. बसलेल्यावर टाकला तर ते वाटेत बसतं, असा सिदूच्या घराण्याचा कायदा होता. तो धनाजीच्याही घराण्याचा होता. लहानपणी त्यानं बापाला हेच करताना बघितलं होतं: काठीनं म्होरक्या मेंढा उठवायचा, तो चार पावलं गेला की आभाळात पिवळी मूठ उडायची, आणि आई मागून पदर तोंडाला लावून रडायची, कारण माणसं आठ महिने परत येणार नसायची.

त्याचा ऊर भरून आला. खरंच भरून आला. तो गाडीत जाऊन बसला. समोर स्टिअरिंगला कागद होता. त्यानं तो काढून शेजारच्या सीटवर ठेवला. आपण दुसऱ्यांसाठी लिहिलेला कागद माणूस कधी स्वतःसाठी वाचत नाही. त्यानं बटण दाबलं. इंजिन गुरगुरलं आणि सुरू झालं.

“बिरोबाच्या नावानं चांगभलं!” सिदू ओरडला आणि मूठ उधळली. मायाक्कानं उधळली. धनाजी उतरून मागं आला, त्यानं पिशवीत दोन्ही हात घातले आणि ओंजळभर भंडारा इंजिनावर उधळला. “चांगभलं!” शेड पिवळी झाली. त्या पिवळ्या धुरळ्यात मायाक्का हसत होती आणि डोळे पुसत होती. आणखी एक ओंजळ. आणि मग धनाजीला दिसलं की धुरळा सगळा खाली बसत नाहीये. त्यातला एक पट्टा वाकडा होऊन उघड्या नळाकडं चाललाय आणि आत शिरतोय. इंजिन त्याला ओढून घेत होतं.

आवाज बदलला. त्याच्या कानानं तो आधी पकडला, डोक्यानं नंतर. त्यानं धावत जाऊन इंजिन बंद केलं.

“काय झालं?” मायाक्कानं विचारलं.

“काय न्हाय. जावा तुमी घरी.”

ते गेल्यावर त्यानं नळात बोट घातलं. बोट पिवळं झालं.

आता इथं दोन वाटा होत्या, आणि दोन्ही धनाजीला लख्ख दिसत होत्या. पहिली म्हणजे इंजिन त्याच क्षणी खोलायचं, धुऊन पुसून परत बसवायचं. त्याला बारा-पंधरा दिवस लागले असते. इंजिन वाचलं असतं, गुरुवार गेला असता. दुसरी म्हणजे नळ साफ करायचा, नवी गाळणी बसवायची आणि गप्प बसायचं. हळदच की ती. जळून जाईल. हळदीनं कुणाचं वाईट झालंय?

तीस वर्षांत या माणसानं कुणाच्या स्कूटरलाही ‘जळून जाईल’ म्हटलं नव्हतं. दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर त्याला शेडबाहेर काढला असता. पण त्या दिवशी त्याला इंजिन दिसतच नव्हतं. त्याला भात लागलेला गाल दिसत होता. त्यानं दुसरी वाट धरली.

दुपारी पेटी आली, बसली. त्यानं इंजिन सुरू केलं आणि स्क्रूड्रायव्हर कानाला लावला. आवाज जवळजवळ बरा होता. या ‘जवळजवळ’कडं त्यानं काणाडोळा केला.

सोमवारी सकाळी पृथ्वीराज आला. दोघं चाचणीला मोहोळच्या दिशेनं निघाले. पृथ्वीराज खुशीत होता, गाडीला नावाजत होता, मिस्त्रीला नावाजत होता. धनाजी कान देऊन बसला होता. आठ-दहा किलोमीटरवर त्याला एक बारीक खरखर ऐकू आली. तो बोलला नाही. वीसवर ती वाढली. तो बोलला नाही. अजून थांबवलं असतं तरी थोडं वाचलं असतं. मोहोळच्या अलीकडं आरशात निळसर धूर दिसला, समोर लाल दिवा पेटला, आणि गाडी रस्त्याच्या कडेला जाऊन थांबली ती थांबलीच.

टेंपोवर टाकून गाडी शेडमध्ये आणली. धनाजीनं प्लग काढले, बारीक कॅमेरा आत सोडला. सिलिंडरच्या भिंतीवर उभे ओरखडे होते, चारही सिलिंडरना. मग त्यानं पिशवीतला उरलेला भंडारा चिमूटभर पाण्याच्या पेल्यात टाकला. पिवळेपण पाण्यात पसरलं आणि तळाशी पांढरी भुकटी बसली. ती त्यानं बोटांत चोळली. करकरली. रांगोळीचा दगड. वजन भरायला हळदीत दळून घातलेला. हा प्रयोग त्याला रविवारीही करता आला असता. पेला तेव्हाही शेडमध्येच होता.

त्यानं पृथ्वीराजला सगळं सांगितलं. काही लपवलं नाही, काही सावरलं नाही. पृथ्वीराज ओरडला असता तर बरं झालं असतं. त्यानं गाडीचं मागचं झाकण हळूच लावलं.

“रविवारीच सांगितलं असतं तर, मिस्त्री?”

“इंजन वाचलं असतं. तारीख गेली असती.”

“तारीख तर आत्ताही गेलीच की. तुम्हाला एवढी कसली घाई होती?”

धनाजीनं तोंड उघडलं. तीस वर्षं नको तिथं चाललेलं ते तोंड, नेमकं तेव्हा चालेना. पृथ्वीराज निघून गेला. ताफ्यात नाशिकच्या एका डाळिंबवाल्याची मोठी गाडी होती, तिच्यात त्याला जागा मिळाली. एकालाच मिळाली. बुधवारी तो विमानानं गेलाही.

घरी मायाक्कानं सिदूचं म्हणणं ऐकवलं, की देवाच्या मनात नव्हतं. धनाजीचं डोकं सणकलं. “देवाच्या न्हाय, तुज्या मनात हुतं. कुनी सांगितलं हुतं तुला भंडारा आनायला? तुज्या भंडाऱ्यानं माती केली माजी.” नळ कुणी उघडा ठेवला, बटण कुणी दाबलं, सगळ्यात मोठी ओंजळ कुणाची होती, हे तो बोलला नाही. मायाक्कानं कपाटातून त्याची भरलेली बॅग काढली आणि पलंगाखाली सारली. त्यात दोन स्वेटर होते आणि आरोहीसाठी शिवलेलं एक चिमुकलं परकर-पोलकं.

गुरुवारी दुपारी धनाजी शेडमध्ये इंजिनाचे बोल्ट सैल करत होता. खोलायला कुणी सांगितलं नव्हतं. गाडी पुण्याला न्यायची असं पृथ्वीराज सांगून गेला होता. तरी तो सैल करत होता. मायाक्का डबा घेऊन आली, डबा ठेवला आणि फोन त्याच्यापुढं धरला.

“घ्या. तीच बोलतीय.”

पडद्यावर तोंड नव्हतं, स्पीकरवर नुसता आवाज लावलेला. धनाजीनं फोन घेतला.

“आबा.”

तीन वर्षांनी. आवाज जरा जाड झाला होता. मागं भांड्यांचा खणखणाट होता, कुणी पोरं तिच्याकडं ताक मागत होती.

“हां.”

“गाडी बिघडली म्हनं.”

“व्हय. इंजन गेलं.”

“तुमाला लागलं-बिगलं न्हाय न्हवं?”

“मला काय हुतंय?”

मग ती घाईघाईनं बोलायला लागली, पाठ करून ठेवल्यासारखं. “आबा, मी काय म्हनते, इमानानं या की. दिल्लीस्नं चार घंटं बी लागत न्हाईत. तुमचा व्हिसा तर हाय, आई म्हनली. वाया कशाला घालवायचा? शरणबसव येतील इमानतळावर. आरोही रोज दारात जाऊन बसतीय, आबाची गाडी आली का बगायला. गाडी नसली तर नसंल, तुमी या.”

दोन शब्द होते: ‘येतो, बाळा.’ नाहीतर एकच: ‘येतो.’ ते त्याच्या घशापर्यंत आले, आणि त्यांच्या पुढं दुसरेच निघाले. कोणत्या तोंडानं येऊ, दुसऱ्याची गाडी मातीत घालून, बायकोला बोल लावून, काय घेऊन येऊ, असं सगळं त्याच्या पोटात होतं. बाहेर आलं ते असं:

“गाडीच न्हाय, तर मी काय करू तितं यिऊन?”

मागचा भांड्यांचा आवाज सुरूच होता.

“व्हय,” ऋतुजा म्हणाली. “बराबर हाय. मला वाटलं…” ती थांबली. “ऱ्हाऊ द्या. जेवलाव का?”

“जेवतो आता.”

“जेवा.”

फोन बंद झाला. मायाक्का समोरच उभी होती. तिनं दोन्हीकडचं ऐकलं होतं.

“तुमाला गाडीसाटीच जायचं हुतं व्हय वो?” तिनं विचारलं. चिडून नाही, खरंच विचारलं. लग्नाला सत्तावीस वर्षं झालेल्या बाईला नवऱ्याबद्दल ही एक गोष्ट कळली नव्हती आणि तिला ती कळून घ्यायची होती. धनाजीनं पाना पुढच्या बोल्टाला लावला. तिनं पदर सारखा केला आणि उन्हात चालती झाली. फोन न्यायचं तिच्या ध्यानात राहिलं नाही.

दहा मिनिटांनी फोन वाजला. हत्यारांच्या पाटीवर ठेवलेला होता, पडद्यावर ऋतुजाचं नाव. आईशी बोलायला केला असेल. किंवा नसेल. धनाजीचे हात ऑइलनं माखले होते. असल्या हातांनी कसा उचलायचा? त्यानं फडकं घेतलं. आधी तळवे पुसले. मग एकेक बोट पुसलं, नखांच्या कडा पुसल्या. फोन वाजत होता. त्यानं फडक्याचा कोरडा भाग शोधला आणि परत पहिल्यापासून पुसायला घेतलं. हात लख्ख झाले तेव्हा फोन वाजायचा थांबला.

पुन्हा वाजला तर उचलायचा, असं त्यानं ठरवलं. पाटी जवळ ओढली आणि हात मांडीवर ठेवून बसला. पाच वाजले, सहा वाजले, शेजारच्या वेल्डिंगवाल्यानं दुकान बंद केलं. फोन वाजला नाही.